पहिला बोर्ड कोणता?

भाची डिप्लोमाला आहे. परवा म्हणाली, "मामा, इलेक्ट्रॉनिक्स शिकायला स्वस्तातला मायक्रोकंट्रोलर बोर्ड (प्रोग्राम टाकून चालवायचा छोटा सर्किट बोर्ड) सांग." मी डोळे झाकून पिको सांगितला. रास्पबेरी पाय कंपनीने तो २०२१ मध्ये ४ डॉलरला आणला. रॅम २६४ केबी. आर्डुइनो उनो या दुसऱ्या बोर्डात जेमतेम २. बोर्डावरचं बूटसेल बटण दाबून धरत यूएसबी जोडली की बोर्ड पेनड्राइव्हसारखा दिसतो, त्यात प्रोग्रामची फाइल टाकली की झालं. (केबल मात्र डेटावाली हवी, नुसती चार्जिंगची नको.)

ब्लू पिल (हाही एक बोर्डच) बुधवार पेठेत मिळते, पण तिच्यावरची चिप अस्सल असेलच असं नाही. शिकताना चूक आपली की चिपची, हे कळायला नको? वायफाय हवं असेल तर सरळ ईएसपी३२ बोर्ड.

पिकोच्या पिना ३.३ व्होल्टच्या. अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा) ५ व्होल्टवर चालवलास तर त्याची एको पिन, म्हणजे सिग्नल बाहेर देणारी, पिकोला थेट जोडू नकोस, व्होल्टेज कमी करायला मध्ये दोन रेझिस्टर लाव. आणि जमलं तर दोन पिको घे. दुसऱ्यात डीबगप्रोब नावाचं तयार फर्मवेअर (बोर्डात टाकायचा प्रोग्राम) टाकलं की तोच पहिल्याचा डीबगर, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका शोधायचं साधन होतो. साध्या पिकोला तारा जोडायच्या उभ्या पिना (हेडर) लावलेल्या नसतात. सोल्डरिंग तुझं तू करायचंस, मामा करणार नाही.