तर्री कढईतच ठरते

गावरान कोंबडी आणि घाई यांचं खान्देशात कधी जमलं नाही. पातेल्याला उकळी आली की जळतं लाकूड मागे ओढायचं आणि कालवण निखाऱ्यावर हलकंसं रटरटत ठेवायचं, ही चुलीवरची रीत. स्लो कुकर हेच निखाऱ्याचं काम विजेवर करतो. पण चुलीला भाजताही येतं, याला ते येत नाही. कच्चं वाटण आणि कोंबडी एकदम आत टाकून बटण दाबलं, तर संध्याकाळी आजाऱ्याचं पाणचट सूप मिळतं, फक्त तिखट.

म्हणून आधी गॅसपाशी उभं राहायचं. किलोभर कोंबडीला ४ मध्यम कांदे सालासकट थेट जाळावर भाजायचे, वरची साल काळी आणि आतला कांदा मऊ होईपर्यंत. अर्धी वाटी सुकं खोबरं चिमट्यात धरून भाजताना त्याला तेल सुटतं आणि ते पेटतं. लगेच फुंकर घालायची. करपलेल्या खोबऱ्याचा कडूपणा सात तासांत जात नाही, उलट सगळ्या रश्श्याभर पसरतो. कांद्याची काळी साल काढून, खोबरं, १५ पाकळ्या लसूण, दीड इंच आलं, मूठभर कोथिंबीर असं सगळं बारीक वाटायचं. बोटांत चोळलं तर कण लागता कामा नये.

कढईत ६ मोठे चमचे शेंगदाण्याचं तेल. इथे हात आखडला तर तर्रीची आशा सोडावी. वाटण मध्यम आचेवर १५ मिनिटं परतलं की गोळा कढई सोडून फिरायला लागतो, कडेने तेल दिसतं. मग आच कमी करून २ मोठे चमचे काळा मसाला आणि दीड चमचा लाल तिखट. मिरची नंदुरबारच्या पथारीवर वाळलेली असली तरी तिचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. त्यामुळे तर्रीचा निकाल इथेच लागतो, पुढे कुकरमध्ये काही दुरुस्त होत नाही. याच मसाल्यात कोंबडी ५ मिनिटं परतून, मीठ घालून सगळं कुकरच्या भांड्यात.

पाणी ३ वाट्याच, तेही कडकडीत. वाफ बाहेर जात नसल्याने पातेल्याचा हिशोब इथे लावला की रस्सा पातळ होतो. गावरान कोंबडीला 'लो'वर ७ तास. ब्रॉयलरला ४ पुरेत, आणि त्यातही लेग पीसच घ्यावेत. छातीचा तुकडा कापसासारखा होतो. फ्रीझरमधली गोठलेली कोंबडी थेट टाकू नये, ती गरम व्हायलाच फार वेळ घेते आणि तेवढ्यात जंतूंचं फावतं. दर वेळी झाकण उचललं की वीसेक मिनिटं वाढतात, तरी घरातला कोणीतरी वास घ्यायला उचलतोच. लाईट गेली आणि तासाभरात आली नाही, तर सरळ पातेल्यात ओतून गॅसवर चढवावं.

परदेशात स्लो कुकरमध्ये 'चिली' नावाचं मांसाचं तिखट कालवण करतात, त्यात राजमाही असतो. घालायचाच तर रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात आधी मऊ शिजवून घ्यावा, सुरुवातीची १० मिनिटं तरी खळखळून उकळत. कच्च्या राजम्यातलं विष मंद आचेला दाद देत नाही.

इतक्या तासांत मसाल्याचा वास मात्र बसतो. वाढायच्या आधी २ चमचे तेल तापवून, खाली उतरवून, त्यात अर्धा चमचा काळा मसाला घालायचा आणि लगेच रश्श्यावर ओतायचा. तोवर तव्यावर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी फुगलेली असावी. ती गरमच चुरावी लागते.