तक्ता पुढे सरकला: बरी सेंट एडमंड्सची ओळ

मध्ययुगीन इंग्लंडमधल्या वादग्रस्त धर्मपदांच्या निवडणुकांचा तक्ता मी बनवतोय, त्यात कँटरबरीची ओळ मागेच भरून झाली. ती तशी सोपी. १२०५ मध्ये आर्चबिशप ह्यूबर्ट वॉल्टर वारला, मठवासीयांनी गुपचूप आपल्यातल्या रेजिनाल्डला निवडलं, राजा जॉनने नॉर्विचच्या बिशपचं घोडं पुढे दामटलं आणि पोप इनोसंट तिसऱ्याने दोघांनाही डावलून स्टीफन लँग्टनला बसवलं. या भांडणापायी १२०८ ते १२१४ इंग्लंडभर चर्चचे विधी बंद!

या खेपेला मात्र बरी सेंट एडमंड्स या इंग्लंडमधल्या गावच्या मठातच मुक्काम पडला. गंमत अशी, की तिथे मतांवरून भांडण झालंच नाही. ऑगस्ट १२१३ मध्ये सगळ्यांनी मिळून सात जण नेमले, त्या सातांनी ह्यू ऑफ नॉर्थवोल्डला मठाधिपती म्हणून निवडलं, सगळ्यांनी ते मानलं. मग जॉन बिथरला. आपल्यापुढे नावं ठेवून पसंती का विचारली नाही, हा त्याचा मुद्दा. तेव्हा कुठे मठात फूट पडली आणि मठाचा सॅक्रिस्ट (चर्चची इमारत आणि पूजेचं साहित्य सांभाळणारा अधिकारी) रॉबर्ट राजाच्या गटाचा म्होरक्या झाला. म्हणून ‘मतं’ हा रकाना काढून ‘राजाची संमती’ असा घातला. निम्म्या ओळी आपोआप सुटसुटीत झाल्या.

सगळ्यात रंगतदार नोंद नोव्हेंबर १२१४ ची. फ्रान्समध्ये मार खाऊन आलेला जॉन थेट मठाच्या सभागृहात बसला. सोबतच्या फिलिप ऑफ उलेकोट्सच्या हातात तलवार. आणि मठवासीयांना फर्मान: दोन्ही बाजूंनी वेगवेगळं उभं राहा. हे सगळं एका मठवासीयाने लिहून ठेवलंय. तो ह्यूच्या बाजूचा, तेव्हा थोडं मीठमसाला धरूनच वाचावं. त्याच महिन्याच्या २१ तारखेला याच जॉनने चर्चला मुक्त निवडणुकीची सनद दिली. कोडगेपणाला दाद द्यावी तेवढी थोडी.

पोपने नेमलेल्या न्यायाधीशांनी मार्च १२१५ मध्ये ह्यूच्या बाजूने निकाल दिला आणि जूनमध्ये, मॅग्ना कार्टाच्या, म्हणजे राजाच्या सत्तेला लगाम घालणाऱ्या सनदेच्या, धामधुमीत, राजानेही मान तुकवली. त्या न्यायाधीशांपैकी सॉल्झबरीचा डीन (तिथल्या कॅथेड्रलच्या धर्मगुरूंचा प्रमुख) रिचर्ड पुअर १२२८ मध्ये डरहॅमचा बिशप झाला, तोही तिथल्या मठवासीयांची निवड रद्द झाल्यावर. म्हणून पुढची ओळ डरहॅमची घेतोय.