सरकार आलं म्हणजे नेमकं कोण आलं?

डिसेंबर लागला, विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरायची वेळ झाली, की आमच्या नागपुरात एकच वाक्य, "सरकार आलं". ऑटोवाला तेच म्हणतो, पानठेल्यावर तेच, आणि माझ्या शिकवणीतली आठवी-नववीची पोरंही तेच. मागच्या हिवाळ्यात एका पोरीनं विचारलं, "मॅडम, आतमध्ये सरकार बसलं आहे तर मग विरोधी पक्षवाले तिथं काय करून राहिले?" इतका नेमका प्रश्न होता की मी पुस्तक मिटूनच ठेवलं.

सिव्हिल लाइन्सच्या विधान भवनात जे भरतं ते विधिमंडळ, म्हणजे विधानसभेचे 288 आमदार आणि विधान परिषदेचे 78. सरकार म्हणजे त्यातलं फक्त मंत्रिमंडळ, आणि 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीमुळे ते विधानसभेच्या 15 टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही, म्हणजे आपल्याकडे मुख्यमंत्री धरून जास्तीत जास्त 43. बाकीच्यांचं, अगदी सत्ताधारी पक्षाच्या साध्या आमदाराचंही, काम आहे या मंत्र्यांना विचारायचं. आणि आपण मुख्यमंत्र्याला मत देतच नाही हो, आपण आपला आमदार निवडतो, नागपूर शहरात असे सहा, आणि विधानसभेतलं बहुमत ज्याच्या पाठीशी तो मुख्यमंत्री. ते बहुमत गेलं की सरकार गेलं, विधानसभा मात्र तशीच राहू शकते. हे एकदा डोक्यात बसलं की नागरिकशास्त्र पाठ करावं लागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

अधिवेशन इथं का, तर 1956 पर्यंत नागपूर स्वतः तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, आणि विदर्भानं मराठी राज्यात यावं म्हणून नेत्यांमध्ये झालेल्या 1953 च्या नागपूर करारात वर्षातून एक अधिवेशन इथं घ्यायचं ठरलं. म्हणून तर सगळ्या विदर्भातून मोर्चे इथं येतात. 23 नोव्हेंबर 1994 ला अशाच मोर्च्यात गोवारी समाजाचे 114 बांधव चेंगराचेंगरीत गेले, ते आपलं म्हणणं विधान भवनापर्यंत पोचवायलाच आले होते. हे सांगताना माझा आवाज दरवेळी बसतो, पण पोरांना सांगायलाच पाहिजे.

मग मी पोरांना म्हटलं, तुम्ही आमदार, लिहा एक तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं असा. बहुतेकांनी लिहिलं, गल्लीतला लाइट बंद आहे, लावून द्या. ती झाली विनंती, आणि ती पण महानगरपालिकेच्या झोन ऑफिसात द्यायची, त्यासाठी मंत्री कशाला? मग फळ्यावर खऱ्या प्रश्नाचा साचा लिहून दिला, "हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

त्या पोरीनं वही मांडीवर घेऊन लिहिलं, आमच्या शाळेत जूनपासून गणिताचे शिक्षक नाहीत, हे खरे आहे काय. खालच्या दोन्ही ओळी जशाच्या तशा उतरवल्या. मग मान वर करून म्हणाली, "मॅडम, हे कोणत्या मंत्र्याला?" मी म्हटलं, शालेय शिक्षण. तिनं ते सगळ्यात वर लिहिलं आणि खाली दोनदा रेघ मारली.