दुपारचं ऊन घरातच जिरवायचं: छतावरच्या सोलरची पुढची पायरी

मंडळी, आमचं 3 किलोवॉटचं सोलर नेट मीटरला (आत येणारी आणि बाहेर जाणारी, दोन्ही वीज मोजणारा मीटर) जोडून झालंय. आता हात घातलाय तो दुपारची वीज बाहेर न सोडता घरातच वापरण्याच्या कामाला.

आमचं घर अमळनेरला, गल्लीच्या अगदी टोकाला. ट्रान्सफॉर्मर पार तिकडे चौकात. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान मिळू लागलं आणि गल्लीत छतामागून छत पॅनलने भरत गेलं. फार चांगली गोष्ट. पण दुपारी बारा-एकला सगळेच एकदम वीज बाहेर ढकलतात, घेणारं जवळपास कोणी नसतं, आणि टोकाकडचं व्होल्टेज चढायला लागतं. 230 चं 245, मग 250. माझ्या इन्व्हर्टरची (पॅनलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारं यंत्र) मर्यादा 253, म्हणजे 230 अधिक दहा टक्के. त्यापुढे गेलं की तो ग्रिडपासून, म्हणजे बाहेरच्या वीजलाइनपासून, सुटतो आणि परत जोडला जायला काही मिनिटं घेतो. ऐन उन्हात निर्मितीचा आलेख करवतीच्या दातांसारखा दिसायचा. कुणाचं युनिट कमी येत असेल तर पॅनलवर संशय घेण्याआधी एसी व्होल्टेजचा आलेख उघडून बघा.

उपाय साधा: वीज जिथे तयार होते तिथेच, त्याच वेळी खर्च करायची. मेन लाइनच्या फेजवर सीटी क्लॅम्प (वायरभोवती बसवून करंट मोजणारा चिमटा) लावला. नुसत्या क्लॅम्पने करंट किती ते कळतं, वीज आत येतेय की बाहेर जातेय ते कळत नाही. म्हणून व्होल्टेजही मोजणारं मॉड्यूल घेतलं. ते ईएसपी32 या वायफायवाल्या छोट्या कंट्रोलर बोर्डाला जोडलं. इन्व्हर्टरचे आकडे आरएस-485 या दोन तारांच्या जोडणीवरून मॉडबसने (यंत्रांची आकडे देण्या-घेण्याची ठरलेली भाषा) येतात आणि जुन्या लॅपटॉपवरचं होम असिस्टंट हे घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर सगळं सांभाळतं.

नियम असा: बाहेर जाणारी वीज पाच मिनिटं सलग 1,200 वॅटच्या वर राहिली, की टाकीची 1 एचपीची मोटर चालू. (746 वॅट ही मोटरची शाफ्टवरची ताकद; मीटरवर ती हजाराच्या वर ओढते.) पाच मिनिटांची अट महत्त्वाची, नाहीतर ढगाच्या प्रत्येक तुकड्याला मोटर चालू-बंद होत राहील. मोटरला रिले बोर्ड (कंट्रोलरच्या इशाऱ्यावर चालणारा छोटा स्विच) थेट लावू नका. चालू होताना ती कितीतरी पट करंट घेते. मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा करंट झेलणारा दणकट स्विच, हवाच. टाकीत ती भरल्यावर मोटर थांबवणारा फ्लोट आणि खाली हौद कोरडा पडला तर मोटर बंद करणारा सेन्सर, हे दोन्हीही हवेत.

पहिल्यांदा मोटर सुरू झाली तेव्हा आई मागच्या दारातून ओरडली, "अरे, मोटर आपेआप कशी चालू व्हयनी?" मी स्क्रीनकडे बघत होतो. मोटर लागताच व्होल्टेज दोन-तीन व्होल्टने खाली आलं आणि इन्व्हर्टर तग धरून राहिला. मला यातच खरा आनंद आहे. वॉशिंग मशीनही आता दुपारीच लागतं, आणि थंडीत गिझरची पाळी.

उन्हाचं म्हणाल तर आपल्या खान्देशात मे महिना निर्मितीला सर्वात चांगला, हा समज सोडून द्या. जळगाव-भुसावळकडे पारा 45 ला टेकतो तेव्हा पॅनल 65 च्या पुढे तापतं. पॅनलची क्षमता 25 अंशांवर मोजलेली असते, आणि त्यापुढे दर अंशाला माझ्या पॅनलची साधारण 0.35 टक्के घट होते. म्हणजे 65 वर, 25 पेक्षा 40 अंश जास्त झाल्याने, 14 टक्के गेले. त्यामुळे क्षणाचा उच्चांक मला फेब्रुवारीच्या वाऱ्याच्या दिवसांतच दिसतो. पॅनल पहाटेच धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी नको, आणि बोअरचं पाणी असेल तर लगेच पुसून घ्या, क्षारांचे डाग बसतात.

राहिला प्रश्न लाइट गेल्यावरचा. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ग्रिड गेली की इन्व्हर्टर बंद व्हायलाच हवा, त्यात तडजोड नाही. म्हणून पुढे हायब्रिड इन्व्हर्टर (बाहेरच्या लाइनपासून तुटून बॅटरीवर घर चालवू शकणारा) आणि लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा विचार आहे. पण अनेक बॅटऱ्यांची चार्जिंगची मर्यादा 45 अंशांच्या आसपास असते, आणि आमची गच्चीवरची खोली मे महिन्यात भट्टी होते. जिन्याखालची जागा बघतोय. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कोणी बॅटरी बसवली असेल तर कुठे ठेवली आणि भर उन्हाळ्यात तिचं तापमान किती जातं, ते जरूर कळवा.