आधी घाटावर जा, मग कागद मागा

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिही म्हटल्यावर वर्गमैत्रिणींनी स्नेहसंमेलन, सहल, खो-खोचे सामने असे विषय सुचवले. मला मात्र १९८९च्या जानेवारीतल्या स्पर्धांवरच लिहायचं होतं. प्रजासत्ताक दिनानिमित्त शाळेनं चित्रकला, निबंध आणि छायाचित्रण अशा तीन स्पर्धा घेतल्या होत्या. मी तेव्हा नववीत होते. चित्र आणि फोटोसाठी विषय होता ‘नदी आणि नागरिक’.

चित्रकलेच्या सरांनी विषय फळ्यावर लिहिला, पण कागद दिले नाहीत. एलिमेंटरीच्या तयारीमुळे डोंगर, त्यातून वाहणारी नदी, काठावर नारळाचं झाड हे स्मरणचित्र आमच्या हातात पक्कं बसलेलं होतं. सर म्हणाले, “वाईच्या घाटावर नारळ कुठे दिसला तुम्हाला? आधी घाटावर जा, बसा, बघा. मग कागद मागा.”

रविवारी मी गणपती घाटावर गेले. ढोल्या गणपतीचं देऊळ रोजच्या वाटेवरचं, पण त्याची मागची भिंत नीट पाहिली ती त्या दिवशी. रास्त्यांनी १७६२ मध्ये हे देऊळ बांधलं, तेव्हा नदीच्या प्रवाहाकडची भिंत सपाट न ठेवता माशाच्या तोंडासारखी निमुळती केली. पुराचं पाणी तिच्यावर आपटून दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. नदीशी कसं वागायचं याचा विचार त्या काळच्या माणसांनी दगडात करून ठेवला होता, आणि त्याच भिंतीच्या पायथ्याशी निर्माल्याचा ढीग कुजत पडला होता. मी भिंत आणि ढीग, दोन्ही काढलं. सरांनी चित्र हातात घेऊन एवढंच विचारलं, “ढिगातला हार कशाचा होता?” मला सांगता आलं, झेंडूचा. मग म्हणाले, “तर तो झेंडूचा दिसू दे.”

फोटोच्या स्पर्धेसाठी शाळेत एकच कॅमेरा होता, आगफा क्लिक थ्री. एका रोलमध्ये बारा फोटो. प्रत्येकाच्या वाट्याला दोन यायचे, त्यामुळे बटण दाबण्याआधी मुलं अर्धा अर्धा तास नुसती उभी राहायची. पहिला आलेला फोटो मला आजही जसाच्या तसा आठवतो. वरच्या पायरीवर धुण्याचा दगड, त्यावरून ओघळणारा साबणाचा फेस आणि खालच्या अंगाला वाकून कळशी भरणारी एक बाई. गावातल्या स्टुडिओतून तो मोठा करून आणला होता. प्रदर्शन बघायला आलेल्या आयाबायांमध्ये त्या बाईही होत्या. त्यांनी स्वतःला ओळखलं, बराच वेळ फोटोसमोर थांबल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, “अगं, वर धुणंही आपणच धुतो की.” घोषवाक्यं लिहिलेल्या फलकांपुढे कुणी असं बोललेलं मी अजून ऐकलेलं नाही.

निबंधाचा विषय मराठीच्या बाईंनी थेट वर्तमानपत्रातून उचलला होता. मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आणणारी घटनादुरुस्ती डिसेंबर १९८८ मध्ये संसदेत मंजूर झाली होती, ती लागू व्हायची होती. ‘अठराव्या वर्षी मत असावे का?’ बाईंची अट अशी, की घरातल्या किंवा आळीतल्या अठरा ते एकवीस वयाच्या निदान एका माणसाशी बोलूनच लिहायचं. आम्ही बहुतेकांनी ‘असावे’ असं लिहिलं. पहिला नंबर मिळाला तो ‘असू नये’ म्हणणाऱ्या मुलाला. त्याच्या थोरल्या भावानं सांगितलं होतं, वडील म्हणतील तिथंच मी शिक्का मारणार. त्यावरून त्यानं मुद्दा मांडला होता, की नुसतं वय खाली आणून भागणार नाही, घरातही मुलांना बोलू द्यायला हवं. बाईंना स्वतःला ते मत पटलेलं नव्हतं. तरी त्यांनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला आणि आम्हाला उत्तरं द्यायला लावली. पुढे १९९५च्या विधानसभेला मी पहिल्यांदा मत दिलं. तेव्हा मी वीस वर्षांची होते, म्हणजे जुन्या नियमानं मला ते देताच आलं नसतं. रांगेत उभी असताना त्या तासातला वाद डोक्यात चालू होता.

हल्ली पुण्यात मला शालेय स्पर्धांना परीक्षक म्हणून बोलावतात. २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिन, २६ नोव्हेंबरला संविधान दिन, अधूनमधून स्वच्छता सप्ताह. मुलांचे हात आमच्यापेक्षा तयार आहेत, रंगही चांगले मिळतात. पण शंभरातल्या बहुतेक चित्रांत शाई लावलेलं तेच बोट आणि पृथ्वीला धरणारे तेच दोन तळहात असतात. यात मुलांचा दोष मुळीच नाही. आज विषय कळतो, उद्या चित्र द्यायचं असतं, मग मूल बघणार कधी? स्वतःच्या प्रभागाचं मतदान केंद्र कुठल्या शाळेत असतं, तिथं आजीला पायऱ्या चढता येतात का, हे जाऊन पाहिलेल्या मुलाचं चित्र ओबडधोबड असलं तरी मी ते वर काढून ठेवते. आयोजकांशी यावरून माझे वाद झाले आहेत, आणि मी ते पुढेही घालणार आहे.

आमच्या दहावीच्या तुकडीनं ठरवलं आहे, की या वर्षी शाळेनं पुन्हा या तिन्ही स्पर्धा घ्याव्यात. बक्षिसांचा आणि प्रदर्शनाचा खर्च आम्ही करू. मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे. विषय जाहीर झाल्यावर दोन आठवडे कागद द्यायचे नाहीत. मोबाइल चालेल, पण फोटो प्रत्येकी दोनच. आणि प्रदर्शन शाळेच्या सभागृहात न भरवता गणपती घाटावर भरवावं.