तो चव आणि ती चव

गुहागरात राहून खोबरं विकत आणणं म्हणजे विहिरीच्या काठावर बसून बाटलीतलं पाणी पिणं. घरामागच्या आगरात नऊ माड आहेत. तरीही मागच्या श्रावणात मी बाजारातून सुक्या खोबऱ्याच्या किसाचं पाकीट आणलं. पिशवीत त्याच्यावर कोथिंबिरीची जुडी ठेवली, एवढी अक्कल शिल्लक होती.

त्याला कारण झाला केक. लिंबू आणि नारळाचा साधा केक, बिनअंड्याचा. कृतीत सुका कीस लिहिलेला होता. पहिल्या खेपेला मी म्हटलं, घरी एवढे नारळ पडलेत, ओलाच घालू. वाटीला वाटी. केक वरून सोनेरी झाला आणि सुरी घातली तर आत पिठलं. ओल्या खोबऱ्यात जवळजवळ निम्मं पाणीच असतं, किसात ते नावापुरतं. वाटी तीच असली तरी माल वेगळा, हे तेव्हा सुचलं नाही. म्हणून ते पाकीट.

आईंना, म्हणजे सासूबाईंना, ते दुसऱ्याच दिवशी फडताळात सापडलं. त्यांनी ते उलटं करून बारीक अक्षरं वाचली. "तमिळनाडू," एवढंच म्हणाल्या. थोड्या वेळाने विळीवर नारळ खवता खवता विचारलं, "वडी करताना तू चव आधी परततेस की नाही गं?"

"परतते."

"मग याचं काय वेगळं आहे?"

काहीच नव्हतं. दीड वाटी चव मंद आचेवर परतला, रंग बदलू न देता, वाफ थांबेपर्यंत. तो वाटीभर उरला. त्यात वाटीभर बारीक रवा, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी दही, पाव वाटी पातळ तूप. खवताना करवंटीची काळपट पाठ मात्र येऊ द्यायची नाही. तेवढ्यासाठी मी विळी आईंच्याच ताब्यात ठेवते (दुसरं कारण माझी बोटं).

लिंबू म्हणजे ईडलिंबू. आमचं झाड न्हाणीघराच्या मागे आहे, काटेरी आणि लहरी. बाजारातलं कागदी लिंबू रसाला उत्तम, पण सालीला ईडलिंबाची सर नाही. साल किसणीवर अगदी वरवर फिरवायची. वास देणारं तेल त्या पिवळ्या थरातच असतं, खालचा पांढरा भाग लागला की कडवटपणा आलाच. किसलेली साल साखरेत घालून बोटांनी चोळली की साखर ओलसर होते आणि स्वयंपाकघरात कोणी नुकतंच लोणचं घालायला घेतल्यासारखा वास सुटतो. मला विचाराल तर केक इथेच संपला तरी चालेल.

पण रवा भिजायला २० मिनिटं लागतात. सोडा अगदी शेवटी घालायचा, त्यावर दोन चमचे रस. मिश्रण लगेच फसफसतं, आणि त्या मिनिटाला दारात पोस्टमन आला तरी उठायचं नाही. बुडबुडे निघून गेले की केक बसतोच.

ओव्हन आहे, पण श्रावणात वीज असेलच असं नाही. त्या दिवशी नव्हतीच. मग जाड बुडाचा कुकर, तळाला मीठ, शिट्टी आणि रिंग काढलेली, मंद गॅसवर पाऊण तास. आईंना यात नवल वाटलं नाही. त्यांच्या लहानपणी धोंडस व्हायचं ते चुलीवर, पितळी पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवून. खालून आणि वरून सारखी धग. तवशाचा, म्हणजे मोठ्या काकडीचा कीस, गूळ, रवा, नारळ. केक हा शब्द तेवढा घरात नव्हता.

आमच्याकडे खवलेल्या नारळाला चव म्हणतात, तो चव. जिभेला कळते ती चव. मुलगा शहरात वाढतोय, त्याला फोनवर "चव कमी पडला" म्हटलं की तो मला व्याकरण शिकवतो.

केक दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागला, साल मुरल्यामुळे असेल. तिसऱ्या दिवसापर्यंत पावसाळ्यात ओलं खोबरं ठेवायची हिंमत नाही, आणि उरलाही नाही. पाकीट अजून फडताळात आहे, चिमटा लावलेलं. आई डबे पुसताना ते उचलतात, खालची फळी पुसतात आणि परत जागेवर ठेवतात.