ढगाळ मुरुड आणि तिथीचं गणित

दापोलीजवळचं मुरुड. आभाळ गच्च, अधूनमधून भुरभुर, लहानथोर मिळून चौदा जण. अशा दिवशी उन्हाची वाट बघू नये, भरती बघून बेत आखावा. कोकणातला हिशोब सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. आज षष्ठी, म्हणजे सहाची पाऊणपट: पहाटे आणि दुपारी साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती, मध्ये सकाळी साडेदहाला पूर्ण ओहोटी. अर्धापाऊण तास इकडेतिकडे धरायचा. आजी-आजोबांना नऊ ते साडेदहा न्यावं. पाणी ओसरलेली वाळू घट्ट असते, काठी रुतत नाही. नंतर पाणी चढतं, पोरांना गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नये. ऐन भरतीत सगळ्यांना पाण्यात ओढणारा हौशी काका प्रत्येक घरात असतो, आधी त्याला आवरा!

जेवणाची वर्दी नाश्त्यालाच द्यावी, मासे किती, शाकाहारी किती. ऐनवेळी चौदा ताटं होत नाहीत.

खरी पंचाईत कपड्यांची. खारं पाणी तसंच राहिलं तर मीठ हवेतला ओलावा धरतं, कपडे रात्रभर चिकटच. गोड्या पाण्यातून दोनदा काढायचे, टॉवेलमध्ये गुंडाळून पिळायचे, मगच पंख्याखाली. जीन्स आणूच नये.